कमरेपुरती गादी

पणजीहून आलेल्या बसमधून साखळी गावात उतरून गुरुदास घरी आला आणि पडवीच्या पायरीवरच थबकला. त्याचे वडील सगुण एका नव्याकोऱ्या करड्या गादीवर उताणे पडले होते. गादी आखूड होती. गुडघ्याखालचे पाय गादीबाहेर, थेट फरशीवर आले होते. पण म्हाताऱ्याच्या तोंडावर असं समाधान होतं की जणू पालखीतच निजलाय.

"इलंस, झिला? सांगाक नाय, बोलाक नाय, आणि बापाशीक गादी पाठवलंस!" ते पडल्यापडल्याच म्हणाले. "पाय वायच भायर जातत. पण माझ्या पायांक खंय काय झालाहा? दुखता ती कंबर. आणि कंबर बघ कशी बरोबर बसली!"

गुरुदासने दारात उभ्या असलेल्या सुमंगलाकडे पाहिलं. बायकोने मान खाली घातली. "मी शाळेतून येईपर्यंत बाबांनी खोकं फोडलेलं होतं," ती हळूच म्हणाली. "मी काय सांगणार होते?"

गादी बॉबीची होती. बॉबी म्हणजे घरातला नऊ वर्षांचा कुत्रा. त्याच्या मागच्या पायांचे सांधे झिजलेत, खास गादी आणा, असं जनावरांच्या डॉक्टरने सांगितलं आणि त्याच संध्याकाळी गुरुदासने फोनवरून ती मागवून टाकली. सगुणच्या कमरेचं दुखणं तर बॉबीच्या जन्माआधीचं. तीस वर्षं त्यांनी खाणीवरून जेटीवर मालाचा ट्रक हाकला, तोही पोत्याची घडी कमरेमागे खुपसून. चवथीच्या दिवसांत त्यांनी एकदाच, भीत भीत, नव्या गादीचा विषय काढला होता. तेव्हा गुरुदास म्हणाला होता, "नवी कित्याक? जुनीच पिंजून घेऊया. पुढच्या म्हयन्यात बघतंय." त्याला आता सहा महिने होऊन गेले होते.

सांगून टाकावं, असं गुरुदासला वाटलं. तोंड उघडलंही. तेवढ्यात फाटक वाजलं आणि बाबली आत आला. बाबली सगुणच्याच वयाचा, जुना ट्रकवाला. हातातली काठी भिंतीला टेकवून तो गादीजवळ उकिडवा बसला आणि पिकलेला फणस चाचपावा तशी त्याने गादी बोटाने दाबून पाहिली.

"सगुणाचो निरोप मेळलो, म्हटला बघून येवया. कितक्याक पडली रे, गुरुदास?"

"सात हजार," गुरुदास म्हणाला. खरी किंमत दुपटीच्या जवळ होती, पण ती त्याच्या जिभेवर येईना.

"सात हजार!" सगुण कोपरावर उठून बसले. "अरे, माझ्यासाठी सात हजार? माझा आता रवला कितक्या?" डोळ्यांना धोतराचा सोगा लावत ते हसले. आणि गुरुदासला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबलीने भिंतीकडेचं रिकामं खोकं ओढून घेतलं. खोक्यावर जीभ बाहेर काढलेल्या कुत्र्याचं हे एवढं मोठं रंगीत चित्र होतं.

"सगुणा, ह्येच्यार कुत्र्याचा चित्र कित्याक रे?"

 

"तू म्हणजे खराच येडो!" सगुण म्हणाले. "तो मस्तकाक चोळतंस तो बाम, तेच्यार वाघ नाय? मगे काय तो वाघाक लावचो? चित्र काय, कसलाय घालतत!"

बाबली हसला. पण वास्कोच्या बंदरावर दहा वर्षं काढल्यामुळे त्याला इंग्रजी अक्षरं लागत होती. खोक्यावरची ओळ त्याने ओठ हलवत सावकाश लावली. मग मान वर करून गुरुदासकडे पाहिलं. फार वेळ नाही, क्षणभरच. कुणी चारचौघांत थोबाडीत दिली असती तरी गुरुदासला ते सोसलं असतं.

"व्हय रे, बरोबर," बाबली म्हणाला. "चित्र कसलाय घालतत." आणि त्याने खोकं चित्राची बाजू भिंतीकडे करून पुन्हा ठेवून दिलं.

बाबली काठी टेकत गेला. तोवर बॉबी कोपऱ्यातल्या गोणपाटावरून उठला, मागचे पाय ओढत गादीपाशी आला, हुंगत राहिला, आणि त्याने पुढचा एक पाय अलगद गादीवर ठेवला.

"हाड! तुझी न्हय ती!" सगुणनी त्याला दटावलं. मग आपणच विरघळले. त्याच्या मानेवरून हात फिरवत म्हणाले, "झिला, एक सांगू? ह्योय बिचारो म्हातारो झालो. माझ्यासारखोच उठताना कळवळता. तेकाय कायतरी घेवन ये."

गुरुदासने नुसती मान हलवली.

"पण असला महाग नको हां. कुत्र्याक इतके पैसे कोण घालता? माझी जुनी गादी आसा ना, ती पिंजून घी तेका. तितक्यान भागता."

"व्हय, बाबा. पुढच्या म्हयन्यात..." गुरुदास बोलून गेला.