एकही चूक नाही

“पगार मिळेल,” साहेब म्हणाले, आणि मुलीला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या ऑफिसात शिरलो.

वाटायचंच. सुट्टीपुरतं हिशेबाचं काम शिकायला ठेवून घ्या म्हणून तिने शहरातल्या झाडून सगळ्या फर्मचे उंबरे झिजवले होते. जिथे तिथे एकच उत्तर. शिकायला मिळतंय, वर पैसे कसले मागतेस? एका मालकाने तर तिला चहा पाजला आणि त्याचे पैसे तिच्याकडूनच घेतले. म्हणे, खर्चाची नोंद कशी करायची ते शिकवतोय. आणि हे साहेब म्हणजे चिकटपणात त्या सगळ्यांचे गुरू. त्यांच्या ऑफिसातला पंखा इतका सावकाश फिरे की एका पात्यापासून दुसऱ्या पात्यापर्यंत कोळ्याने सुखाने जाळं बांधलं होतं. तो कोळीही बिनपगारीच असणार. असा माणूस आपल्या तोंडाने पगाराचं नाव काढतो?

साहेबांनी आवाज खाली आणला. “काम एकच. तुझ्या बाबांनी केलेली बेरीज न् बेरीज परत तपासायची. गुपचूप. त्यांना कळता कामा नये. चूक दिसली तर दुरुस्त कर, आणि सुट्टी संपली की किती होत्या ते मला सांग.”



तिच्या बाबांचे केस याच ऑफिसात पांढरे झाले होते. सगळे त्यांना ‘मशीन’ म्हणत. फार वर्षांपूर्वी कॅल्क्युलेटर विकायला आलेल्या माणसाशी त्यांनी शर्यत लावली होती. त्याची बटणं दाबून होईतो बाबांची बेरीज झाली, खाली दोन रेघा मारून झाल्या, हात धुऊन डबा उघडून झाला. म्हणतात, तो विक्रेता यंत्र तिथेच टाकून गेला आणि पुढे जन्मभर छत्र्या विकत बसला. त्या माणसाच्या बेरजा तपासायच्या म्हणजे समुद्रात पाणी आहे की नाही ते चमच्याने बघायचं. पण साहेबांनी उगाच ही उठाठेव केली नसणार. बाबांना घरी बसवायला त्यांना कारण हवंय, हे तिने ताडलं. आपण नाही म्हटलं तर ते दुसऱ्या कुणाला तरी या कामाला लावतील. ती हो म्हणाली.

बाबा डबा खायला उठले की ती त्यांच्या टेबलावरची पानं ओढून घेई. सुरुवातीला काहीच सापडलं नाही. मग एका बेरजेत बाबांनी वरची तारीखही मिळवलेली दिसली. एका पानावर एकच बिल पुन्हा पुन्हा उतरवलं होतं. आणि एके दुपारी, बेरजेच्या जागी, सुबक अक्षरात, खाली नेहमीच्या दोन रेघा मारून त्यांनी घरचा फोन नंबर लिहिला होता.

बाबा आधी पेन्सिलीने लिहीत, शाई नंतर. तिने नंबर खोडला आणि बरोबर आकडा घातला. बाबांचा सात जरा मागे रेलायचा. आठवड्याभरात तिचाही रेलायला लागला.

घरी बाबा चेष्टा करायचे. “काय ऑडिटरबाई, साहेब पगार देतायत म्हणे. तब्येत बरी आहे ना त्यांची?” आणि मग हळूच विचारायचे, “मशीन काय म्हणतंय?”

“झकास चाललंय,” ती म्हणायची.

सुट्टी संपली. साहेबांनी तिला बोलावलं. “बोल. किती निघाल्या?”

“एकही चूक नाही.”

“एकही? नीट पाहिलंस ना?”

“एकही नाही.”

भांडायची तयारी ती घरूनच करून आली होती. पण साहेबांनी डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखा सुस्कारा सोडला आणि पगाराचं पाकीट पुढे सरकवलं. ती जिना उतरली ती जवळजवळ उडतच. बाबांची नोकरी वाचली होती.

तिच्या मागोमाग बाबा घरी आले, तेही शीळ वाजवत.

“साहेबांनी सांगितलं मला,” ते म्हणाले. “एकही नाही म्हणालीस.”

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. “तुम्हाला माहीत होतं?”

“अगं, मीच तर त्यांच्या मागे लागलो होतो. ते कसले पगार देतायत. माझ्यातलेच कापून घेतले.” बाबा हसले. मग खुर्ची ओढून बसले. “मध्यंतरी एकदा घरी यायचा रस्ताच आठवेना. कोपऱ्यावर नुसता उभा. म्हटलं, डोकं गेलं की काय आपलं. डॉक्टर म्हणाले, कामात चुका व्हायला लागल्या असतील तर लगेच या, वेळेत आलात तर थोपवता येईल. आता आपल्या चुका आपल्याला कशा दिसणार? परक्याने तपासलं तर चार लोकांत शोभा. आणि तुला सरळ सांगितलं असतं, तर तू माझी बाजू घेतली असतीस, बाळा. खरं बोलली नसतीस.”

“बाबा, ऐका ना—”

“थांब, आधी हा फोन करू दे. उगाच डॉक्टरांची वेळ अडवून ठेवलीय.” बाबांनी चष्मा चढवला, चिठ्ठीवरचा एकेक आकडा बोटाने धरून नंबर लावला. “नमस्कार. उद्या यायचं होतं ना मला, ते रद्द करा. हो, विसरण्याचीच तक्रार होती. छे, पुढची तारीख नको. माझ्या मुलीने तपासलंय सगळं.”