पाहुणे जाईपर्यंत

मिलियाकेरेनं पडदा सारला तर खाट रिकामी. अंथरूण गुंडाळून कोपऱ्यात उभं केलेलं, खाली कोरी चटई, खोलीभर साबणाचा वास. सेनिमिलीचा पत्ता नाही.

"काका, पोरगी कुठंय?"

अपेनिसा दारातच उभा होता. गावचा कारभारी आणि सेनिमिलीचा सख्खा चुलता. कमरेला लुंगीसारखा नवा सुलू नेसून, अंगाला खोबरेल चोपडून तयार झालेला.

"वर शेतात पाठवली सकाळीच. झोपडीत अंथरूण घालून दिलंय. तू कशाला जिवाला घोर लावून घेतेस?"

"पण पाठवली का?"

"पाहुणे आलेत ना, पोरी. देशोदेशीचे. त्यांच्यापुढं घरातली पोर खोकत बसली तर काय शोभा राहील आपली?"

"काका, ते खोकणाऱ्यांसाठीच आलेत."

"असतील. पण पहिल्याच भेटीत कुणी आपलं दुखणं मांडून बसतं का? आधी त्यांना पोटभर खाऊ दे, खूश होऊ दे. खूश झालेला पाहुणा न मागता देतो." तो हे मायेनंच बोलत होता. नर्स झाली तरी मिलियाकेरे त्याच्या डोळ्यांसमोर वाढलेली.

आता या माणसापुढं कपाळ फोडून घ्यायचं का? सुवा शहरातल्या मोठ्या हॉटेलात क्षयरोगावरची जागतिक परिषद भरली होती. तिथले दहा-बारा शास्त्रज्ञ आज बसनं खेडं बघायला आले होते, आणि त्यांत डॉक्टर ऑस्टर असावेत म्हणून मिलियाकेरेनं कुणाकुणाचे उंबरे झिजवले होते ते तिचं तिला ठाऊक. नेहमीच्या गोळ्यांना सेनिमिलीचा क्षय दाद देत नव्हता. नव्या गोळ्या एका समितीच्या हातात होत्या, आणि समितीतल्या कुणी रुग्णाला स्वतः तपासल्याशिवाय त्या मिळत नव्हत्या. ऑस्टर त्या समितीत होते. गोळ्या मिळाल्या नाहीत तर सेनिमिली पुढचा नाताळ बघणार नव्हती.

सभाघरात पाहुण्यांच्या मानाच्या पेयाची, यांगोनाची वाटी फिरून झाली होती. अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवलेली, मासे, रताळी, सगळ्याचा फडशा पडला होता. गळ्यात फुलांचे हार घालून पाहुणे फोटो काढून घेत होते. मिलियाकेरेनं ऑस्टरना बाजूला घेतलं आणि मुलगी शेतात आहे म्हणून सांगितलं.

"अरेरे," ते म्हणाले. "आता तर निघायला हवं. चार वाजता माझं भाषण आहे. आडगावच्या रुग्णापर्यंत पोचायचं कसं, या विषयावर."

"शेत रस्त्याला लागूनच आहे, सर. बस तिथूनच जाणार. पाच मिनिटं थांबा, एवढंच मागते."

"मग थांबू की," ऑस्टर म्हणाले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, मनातल्या मनात शिव्या तरी घालता आल्या असत्या.

मिलियाकेरे बसमध्ये चढली. चढावर कसाव्याचं शेत आलं तशी तिनं बस थांबवली. ऑस्टर हारासकट खाली उतरले, स्टेथोस्कोप काढून हातात घेऊन उभे राहिले. ती पळत झोपडीत गेली. अंथरूण अजून उबदार होतं. पाण्याचा तांब्या उशाशी होता. पोरगी नव्हती.

"सेनिमिली, मी आहे गं. बाहेर ये."

कसावा डोक्याच्या वर गेलेला. त्यातून ना हाक, ना हालचाल. ती बांधाबांधानं हाका मारत सुटली. आधी समजावून बोलावलं, मग दरडावलं, मग गयावया केली. खाली ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. खिडक्यांतून लोक घड्याळं बघायला लागले होते.

"हिंडतीफिरती आहे म्हणजे तब्येत बरी दिसते," परत आलेल्या मिलियाकेरेला ऑस्टर म्हणाले. तिला धीर द्यायचा होता त्यांना. "पुढच्या खेपेला नक्की तपासतो."

"पुढची खेप कधी, सर?"

"परिषद तीन वर्षांनी असते."

त्यांनी तिचा हात हातात घेऊन दाबला आणि ते बसमध्ये चढले. मिलियाकेरे चढली नाही. बस वळणाआड गेली, धुरळा खाली बसला, तरी ती रस्त्यातच उभी होती. रडूही येत नव्हतं.

मागं पानं सळसळली. झोपडीच्या अगदी लगतच्या सरीतून सेनिमिली रांगत बाहेर आली. सुलूच्या टोकाचा बोळा तोंडात कोंबलेला, चेहरा सुजून लाल झालेला, डोळ्यांतून घळाघळा पाणी. तिनं बोळा काढला आणि तिथंच बसून खोकायला लागली. खोकता खोकता दुमडली. बोळ्यावर रक्त होतं. मिलियाकेरे तिची पाठ चोळत राहिली.

कितीतरी वेळानं पोरीला श्वास सापडला. तिनं तोंड पुसलं, वर बघितलं आणि हसली.

"काका म्हणाले होते, कुणी कितीही हाका मारू दे, बस जाईपर्यंत आवाज होता कामा नये. एकदाही खोकले नाही मी, सिस्टर."