श्रीधरच्या हातची

मुलगा पोर्तुगालला पोर्ट वाइन बनवायला गेला, तेव्हापासून खेमनर गुरुजी त्याच्याशी बोलले नव्हते. नऊ वर्षांनी ते त्याच्या अस्थी न्यायला आले.

वाइनरीच्या म्हाताऱ्या मालकाने तळघरात त्यांच्यापुढे चाळीस वर्षं पिंपात मुरलेली पोर्ट ठेवली. गुरुजी जन्मात दारूच्या थेंबालाही शिवले नव्हते.

“सूनबाई, ही श्रीधरच्या हातची का?”

सुनेने मालकाला पोर्तुगीजमध्ये विचारलं. मालकाने मानेनेच नाही म्हटलं आणि दुसऱ्या पिंपातून थोडी पेल्यात काढून दिली.

घोट घसा जाळत गेला.

“श्रीधरची अजून कच्ची आहे, बाबा. गोडी यायला वीस वर्षं लागतील. तेव्हा या, म्हणतात ते.”

गुरुजींना अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. त्यांनी पेला तळापर्यंत रिकामा केला.

“छान झालीय रे,” ते पिंपाकडे बघत म्हणाले.