मांजरावरचा आळ

युनिव्हर्सिटीत हाडांवरून माणूस ओळखायला शिकणाऱ्या, आणि कॅन्टीनमध्ये त्याच विद्येवर पोरांकडून फुकटचा चहा उकळणाऱ्या इव्हाला डेल्रॉय पहिल्यांदाच गोराईच्या घरी जेवायला घेऊन आला.

“मम्मीसमोर हाडांचं नाव काढलंस, तर आपल्या लग्नाची वाट लागली समज,” त्याने दारातच बजावलं.

आत मम्मी झाडू घेऊन मांजराच्या मागे! टोपातली कोंबडीची तंगडी गायब, आणि चावून चोखलेलं हाड मांजराच्या ताटलीत. बिचारं मांजर इव्हाच्या पायांत घुसलं, तसा तिला राहवेना. हाड उजेडात धरून ती म्हणाली, “मांजर नव्हे, मम्मी. खाणाऱ्याच्या पुढच्या दोन दातांत फट आहे.”

खिदळत उभ्या असलेल्या डॅडींनी पटकन तोंड मिटलं.

मम्मीने तिथल्या तिथे सून पसंत केली. लग्नाला विरोध उरलाय तो एकट्या डॅडींचा.