उन्हातला भोंगा
आमच्या शिरे नदीच्या काठी माझ्या तोंडून सत्तर वर्षांत कोणी खरं ऐकलेलं नाही. अपवाद एकच, मी पाणघोड्यावर बसून बाजाराला गेलो होतो ते. त्या दुपारी पुराची सूचना देणारा नवा भोंगा पहिल्यांदाच केकाटला. पाऊस पडला होता वर डोंगरात आणि इथे कडकडीत ऊन, त्यामुळे उखळापासून कोणी हललंच नाही. "उन्हात कसला पूर? यंत्र बिघडलंय," गावप्रमुख म्हणाला. भोंगा बसवणारी थोकोझानी रडकुंडीला आली. "आजोबा, दोन तासांत पाणी इथे असेल. तुम्ही तरी सांगा यांना!" मी ओरडलो, "पाणी येतंय, टेकडीवर पळा!" सगळे पोट धरून हसले. "काल पाणघोड्यावर बसलास, आज पूर आणलास होय!" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी ऊस सोलत खाली बसलो आणि म्हणालो, "बरं, नाही येत पाणी. निवांत बसा." हसू थांबलं. सुनेने मुसळ टाकलं, पोर काखोटीला मारलं आणि ती किंचाळली, "मामंजी येत नाही म्हणतायत! पळा!" संध्याकाळी झोपड्यांवरून पाणी वाहत होतं आणि टेकडीवर अख्खं गाव, शेळ्या-कोंबड्यांसकट, मक्याच्या पिठाचा घट्ट न्सिमा आणि सुकी मासळी खाऊन नाचत होतं. एकही माणूस कमी नव्हता. आता थोकोझानीने भोंग्यात माझाच आवाज भरलाय. नदी चढायला लागली की तो गावभर सांगतो, "काही येत नाही, निवांत बसा!" त्याचं बोलणं संपायच्या आत गाव रिकामं होतं.