एकच चमचा साखर

नाताळच्या घरगुती बिअरच्या दर बाटलीत एकच चमचा साखर घालायची. तेवढ्यानं दहा दिवसांत गॅस धरतो, जास्त झाली तर बाटली हातात फुटते. स्टेलाला हे तिच्या सासऱ्यांनी, शांतवन मास्तरांनीच शिकवलं होतं. पण मास्तरांना आता सकाळचं दुपारी आठवत नसे. बाटल्या भरल्या त्या दिवशी तिनं त्यांची चादर तिसऱ्यांदा धुतली होती.

“स्टेला, साखर घातली का गं मी?”

“न्हाई मामा, राहिलीय.”

मास्तरांनी पुन्हा एकेक चमचा घातला. तासाभरानं पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. मग बुचं तिनंच घट्ट बसवली.

दहाव्या दिवशी ती म्हणाली, “मामा, गॅस धरला का बघा की.”

मास्तर खुलले. बाटली उचलून उजेडात, पार डोळ्यांजवळ न्यायला लागले आणि मध्येच थबकले.

“बाटली बघताना मी काहीतरी घालायचो ना गं?”

स्टेलानं खुंटीवरचं त्यांचं हेल्मेट पदराआड घेतलं आणि ती दाराबाहेर सरकली.

“चष्मा, मामा. घातलाय की तुमी.”