‘नको’ आधी येतं

पहिला फटका बसला तो स्पेनच्या झेंड्याच्या काठीचा. दुसरा जपानच्या. शाळेच्या फाटकातच बहादूर गुडघ्यांवर आला आणि त्याच्या डोक्यावरची रंगीत टोपी उडून जांभ्याच्या पायरीवर पडली.

"पोरीला उचललान! माझ्या सानवीला उचललान!" अनिल ओरडत होता. "सुरा हाय त्याच्या कमरेला, बघा!"

झालं, एवढं पुरलं. पोरं पळवणारी टोळी आली आहे, हा मेसेज चार दिवस मिरकरवाडा बंदरापासून वाडीवाडीतल्या मोबाइलवर फिरत होता. साप साप म्हणून भुई धोपटायला माणसं टपलेलीच होती. आज भुईच्या जागी माणूस मिळाला. परदेशी भाषा आणि संस्कृतींचा दिवस म्हणून नटूनथटून आलेले पालक ते. कुणी फ्रान्सच्या टेबलाची फळी उपसली, कुणी पायातली चप्पल काढली. ज्याच्या हाताला काहीच लागलं नाही, त्याने लाथेवर भागवलं.

दर्शनाबाई स्टेजजवळून धावत सुटल्या. हा सगळा दिवस त्यांच्याच डोक्यातून निघालेला. टेबलाटेबलावर एकेक देश त्यांनीच मांडलेला. आज स्टेजवर मराठीचा एक शब्द काढायचा नाही, जो काढेल तो बाद, हा नियमही त्यांचाच. पाचवीतली मनमाया वाडीतल्या पोरांहून चोख मराठी बोलायची. तिच्याकडून त्यांनी आठ दिवस नेपाळी भाषण पाठ करून घेतलं होतं. आंब्याच्या बागेत राखण करणाऱ्या तिच्या बापाला, या बहादूरला, निरोपही त्यांनीच धाडला होता, "तुमचा पोशाख घालून या. कुकरीपण आणा, मुलांना बघायला मिळेल."

आणि घडलं काय, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. कागदी किमोनोत पाय अडकून सानवी फाटकापाशी पडली. बहादूरने तिला उचलून कडेवर घेतलं आणि "नरो नानी, नरो," म्हणत तिच्या गुडघ्यांवरची माती झटकली. एवढाच त्या माणसाचा गुन्हा.

"अहो, थांबा! मीच बोलावलंय त्यांना!"

कोण ऐकतो? बाई गर्दीत घुसल्या, कोपरं खात पुढे पोचल्या. तेवढ्यात बहादूरचा हात कमरेकडे गेला. बरगडी धरायला गेला असेल, पण कुकरीची मूठ तिथेच होती. आणि खोटं कशाला बोला, दर्शनाबाईही दोन पावलं मागे सरल्या. तेवढ्या दोन पावलांत गर्दीने त्याला आडवा केला.

त्याच वेळी स्टेजवरच्या माइकमधून मनमायाचा आवाज फुटला.

"नमार! बालाई नमार! नमार!"

मैदानाच्या चारही कोपऱ्यांतले कर्णे एकदम गरजले. गर्दीला त्यातलं ऐकू आलं ते एवढंच, मार! मार!

"मारा म्हणतायत! हाणा!" कुणीतरी मागून ओरडलं.

नेपाळच्या टेबलामागे बाईंच्याच वळणदार अक्षरातला तक्ता लटकत होता. 'नेपाळीत "नको" आधी येतं. नखा म्हणजे खाऊ नको. नजा म्हणजे जाऊ नको. नरो नानी म्हणजे रडू नको, बाळा.' सकाळपासून पालकांनी त्या तक्त्यापुढे पोरांना उभं करून फोटो काढले होते. वाचला एकानेही नसावा. पोर सांगत होती, बाबांना मारू नका.

पोर जितकी जीव तोडून ओरडत होती, तितके फटके जोरात पडत होते. फळी मोडली, तर मोडक्या फळीने मारू लागले. बहादूरने डोकं दोन्ही हातांत दडवलं, तर हातांवर मारू लागले. शेवटी बाईंनी त्याच्यावर स्वतःला झोकून दिलं. अनिलची काठी त्यांच्या मनगटावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज त्यांना स्वतःलाच ऐकू आला. बाईमाणसाची किंकाळी ऐकून मात्र हात थांबले.

बहादूरच्या कानातून रक्त येत होतं. एक डोळा सुजून मिटला होता. छाती हलत होती. कमरेची कुकरी म्यानातच होती, सुतळीने करकचून बांधलेली, वर तीन गाठी. 'लहान मुलं असतात, बांधून आणा,' हेही बाईंनीच सांगितलं होतं.

"पप्पा, मी पडलेली," सानवी मुसमुसत म्हणाली. "त्या काकांनी मला उचललान."

अनिलने हातातल्या काठीकडे पाहिलं. स्पेनचा झेंडा अजून तिला चिकटून होता, लाल रंग कुठला आणि रक्त कुठलं ते कळत नव्हतं.

"मग माइकवरनं मारा, मारा कोण सांगत होता?" त्याने विचारलं. त्याला खरंच उत्तर हवं होतं.

एकाने अँब्युलन्सला फोन लावला. बाकीच्यांनी वळून स्टेजकडे पाहिलं.

मनमाया दोन्ही हातांनी माइक घट्ट धरून उभी होती. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता. तिने आधी बापाकडे पाहिलं, मग दर्शनाबाईंकडे. चारही कर्ण्यांतून तिचा बारीक आवाज मैदानभर आला.

"बाई, आता मराठीत बोलू?"